६ इंची डॉब्सोनियन दुर्बीण, आठ महिने वापरल्यानंतर

आधी सांगते, ही माझी दुसरी दुर्बीण. पहिली घेतली ती खोक्यावर '६७५ पट मोठं दिसेल' असं छापलेलं बघून, आणि तिचा स्टँड इतका लटपटायचा की फोकसला नुसता हात लावला तरी चंद्र थरथरायला लागायचा, शनी तर कधी सापडलाच नाही. शेवटी ती कपाटावर गेली. तुम्ही नवीन घेणार असाल तर खोक्यावरचे ते पट वाचूच नका प्लीज, आरसा केवढा आहे आणि बैठक किती घट्ट आहे तेवढं बघा. ढोबळ हिशोब असा की आरशाच्या दर इंचाला फार तर ५० पट, म्हणजे हिला ३००, आणि तेही हवा एकदम शांत असेल तरच.

तर ही. आरसा १५० मिमी, फोकल लेन्थ (आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथवरचं अंतर) १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), १२०० ला त्या आकड्यांनी भागलं की ४८ पट आणि १२० पट. तिपाई नाहीच, लाकडी बैठक सरळ जमिनीवर ठेवायची, त्यात नळी बसवायची आणि हाताने फिरवायची, मोटार नाही काही नाही. ही रचना लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी, ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात संन्यासी होते आणि तिथे राहून टाकाऊ काचेचे आरसे घासून दुर्बिणी बनवायचे, मग फुटपाथवर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायचे. हे कळल्यापासून मला ही दुर्बीण जास्तच आवडायला लागली.

आता शनी. पहिल्या रात्री ४८ पटांत एक पिवळसर ठिपका दिसला, जरा लांबट, मग १० मिमीचा आयपीस लावला, फोकस हळूहळू फिरवला आणि ती कडी समोर आली. अगदी छोटी, पण इतकी रेखीव की मी आत कोणी चित्र चिकटवलंय का म्हणून नळीच्या तोंडाशी जाऊन बघून आले, खरंच. फोटो हजार वेळा बघितलेले असतात तरी हे वेगळं असतं, कारण तो उजेड तिथून सव्वा तासापूर्वी निघून थेट आपल्या डोळ्यात आलेला असतो. मार्च २०२५ मध्ये कड्यांची नुसती धार आपल्याकडे आली होती, म्हणून त्यानंतर ती बारीक दिसत होती, तिथून पुढे काही वर्षं ती उघडत जाणार. बाजूला टायटन हा शनीचा चंद्रही दिसतो.

पण माझा जीव गुरूवर. त्याचे चार चंद्र एका ओळीत, हेच गॅलिलिओने १६१० मध्ये बघितले, आणि तासाभराने परत बघितलं तर जागा बदललेली असते! एका रात्री गुरूच्या पट्ट्यावर टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला, मला वाटलं आयपीसवर कचरा आहे, पुसला तरी जाईना, आणि तो सरकत होता. त्या चार चंद्रांपैकी आयोची सावली होती ती. दोन तासांहून जास्त वेळ मी तिथेच, मान दुखायला लागली तरी हलले नाही, दुसऱ्या ग्रहावरचं ग्रहण घरच्या गच्चीवरून बघत होते म्हणजे.

मृगातला तेजोमेघ सुंदर, पण फोटोतला गुलाबी रंग शोधू नका, राखाडी-हिरवट धुकं दिसतं आणि मध्ये चार बारीक तारे. देवयानी दीर्घिका म्हणजे नुसता धूसर डाग, २५ लाख प्रकाशवर्षांवरचा. युरेनस-नेपच्यून ठिपकेच.

तक्रारी आहेत. वजन साधारण १५ किलो, जिना चढवताना दोन फेऱ्या होतात. १२० पटांत ग्रह दीडेक मिनिटात नजरेबाहेर जातो, सारखं ढकलत राहावं लागतं, याची सवय व्हायला आठवडा लागला. सगळं उलटं दिसतं, आकाशात त्याने काही फरक पडत नाही. आरसे अधूनमधून जुळवावे लागतात, पहिल्यांदा घाबरले होते पण दहा मिनिटांचं काम आहे. आणि बाहेर काढल्या काढल्या बघू नका, अर्धा तास थंड होऊ द्या नाहीतर ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो, तेवढ्यात तुमचे डोळेही अंधाराला सरावतात (मोबाईल खिशातच ठेवा). सूर्याकडे मात्र नळीच्या तोंडाशी नीट सोलर फिल्टर लावल्याशिवाय कधीच नाही, लहान मुलं असतील तर दिवसा झाकण लावूनच ठेवा.

पाचपैकी साडेचार, अर्धा वजनाचा कापला. काल ढग होते, आज पश्चिमेला मोकळं दिसतंय, दुर्बीण आत्ताच गच्चीवर नेऊन ठेवलीये.