आमवात आणि हृदय: बाईचा धोका, पुरुषाचा धोका

फोंड्यातली ५५ वर्षांची बाई आणि डिचोलीतला तेवढ्याच वयाचा पुरुष. दोघांनाही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. हृदयाला धोका कुणाच्या जास्त? साधारणपणे पुरुषाच्या. पण तेवढ्यावर थांबलं तर बाईवर अन्याय होतो.

हा आजार बायकांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. सांध्यांतला दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही सोडत नाही. म्हणून युरोपातल्या तज्ज्ञांनी हृदयविकाराच्या धोक्याचा नेहमीचा अंदाज १.५ ने गुणायला सांगितलं, स्त्री असो वा पुरुष. पुरुषाचा मूळ आकडाच मोठा. त्यात सिगारेट असली तर बघायलाच नको. बाईला पाळी असेपर्यंत थोडं संरक्षण मिळतं, नंतर तेही जातं.

शिवाय हार्ट अटॅकमध्ये बाईला छातीतल्या कळेबरोबर धाप, मळमळ, जबडा-पाठ दुखणं, कमालीचा थकवा ही लक्षणं पुरुषापेक्षा जास्त दिसतात. आता थकवा काय, आमवाताचाच असणार, असं घरचे ठरवून टाकतात आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पोचायला उशीर होतो. माझ्या मते खरा फरक इथेच आहे.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मात्र दोघांनाही फसवतो: दाह भडकलेला असताना आकडा कमी येऊ शकतो, म्हणून आजार आटोक्यात असताना तपासावं. खारं (खारवलेली सुकी मासळी), चोरिस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) आणि दुखलं की मनानेच घेतलेली डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, यांचा रक्तदाबावरचा परिणाम बाई-पुरुष बघत नाही.