दूध काढायचं मशीन चांगलंय पण धुवायचं कुणी नीट सांगत नाही (३ स्टार)

आठ महिने झाले हे बकेटवालं मशीन वापरायलोय. भूम तालुका, चार संकरित गायी, दूध खव्याच्या भट्टीला जातंय. मशीन कामाला एक नंबर, मोटार तापत नाही, पल्सेटरचा (सड दाबायची-सोडायची लय देणारा भाग) आवाज कमी, गायी पण आठ दिवसात रुळल्या.

तक्रार धुण्याची आहे. विकणाऱ्यानं सांगितलं पाण्यानं खंगाळा, बस. तसंच करत होतो. मग उन्हाळ्यात घरी बासुंदी केली, सकाळचं दूध दुपारपर्यंत कॅनमध्ये ओसरीवरच राहिलं, नंतर चांगलं दीड तास आटवलं, आणि जेवून तीन तास झाले नाहीत तर पुतणीला उलट्यावर उलट्या. एवढं उकळलेलं दूध बाधतं कसं हेच कळंना. भाचा उदगीरच्या व्हेटर्नरी कॉलेजला आहे, त्यानं आल्या आल्या क्लॉ (चारी सडांचं दूध एकत्र येतं तो भाग) खोलला, खालचं रबर काढून अंगठा फिरवला तर भेंडी चिरल्यावर बोटांना राहतो तसा बुळबुळीत थर, पिवळसर, आंबूस वासाचा.

ह्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू स्वतःच चिकट आवरण करून त्यात दडून बसतात, वरनं कितीबी पाणी सोडा हलत नाहीत, औषध पण आतपर्यंत नीट पोचत नाही. गर्दी वाढली की एकमेकांच्या रासायनिक सिग्नलवर काही जंतू काही टॉक्सिन (विष) पण बनवायला लागतात. कासदाह करणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस पण असाच थर धरतो, तिथनं सुटून दुधात येतो, दूध उबेत राहिलं की वाढतो अन् टॉक्सिन सोडतो. उकळल्यावर जंतू मरतो, त्याचं टॉक्सिन मरत नाही! आपल्याकडं सगळे म्हणतात उकळलं की झालं, तसं नाहीये.

आता दूध काढलं की लगेच कोमट पाणी (एकदम कडक गरम घातलं तर दूध आतच चिकटून बसतं), मग गरम पाण्यात अल्कली पावडर अन् ब्रश, आठवड्यातनं एकदा ॲसिडवालं, क्षाराचा पांढरा थर निघायला. घासल्याशिवाय नुसत्या पावडरनं थर जात नाही. आणि सोबत दिलेला ब्रश लांब पाइपच्या मध्यापर्यंत पण जात नाही, माहितीपुस्तक सगळं इंग्रजीत, रबरी लायनर (सडावर बसणाऱ्या नळ्या) सहा महिन्यांनी बदलायचे असतात ते पण कुणी बोललं नाही. दोन स्टार त्याचेच कापलेत.

घेणार असाल तर लांब ब्रश आणि जास्तीचा लायनर सेट दुकानातच मागून घ्या, आणि ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी आज संध्याकाळी रबर काढून एकदा अंगठा फिरवून बघा.