खोके हातात घेण्याआधीचे प्रश्न: धोकादायक मालाच्या हवाई पाठवणीची एक सेवा

भूमापनाचे एक उपकरण, त्याच्या पाच जादा लिथियम-आयन बॅटऱ्या आणि भिंगे पुसण्यासाठी लागणारे एक लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल हा माल दुसऱ्या देशातील कामाच्या जागी विमानाने पाठवायचा होता. नेहमीच्या कुरियरने बॅटऱ्यांचे नाव ऐकताच नकार दिला, म्हणून धोकादायक मालाचे, म्हणजे या व्यवसायाच्या भाषेत ‘डीजी’चे, पॅकिंग, कागदपत्रे आणि पाठवणी ही तिन्ही कामे करणाऱ्या एका एजन्सीकडे आम्ही गेलो. दोन पाठवण्या आणि एका सहकाऱ्याच्या प्रवासासाठी घेतलेला सल्ला एवढ्यावर हे परीक्षण बेतलेले आहे.

एजन्सीची सर्वांत जमेची बाजू म्हणजे माल हातात घेण्याआधी तिने विचारलेले प्रश्न. बॅटरी उपकरणात बसवलेली आहे, उपकरणासोबत वेगळी ठेवलेली आहे की एकटीच जाणार आहे, तिच्यावर वॉट-अवर, म्हणजे साठवता येणाऱ्या ऊर्जेचे माप, छापलेले आहेत का, यूएन ३८.३ या बॅटरी-सुरक्षा चाचणीचा सारांश उत्पादकाकडून मिळेल का, एखादी बॅटरी फुगलेली, आपटलेली किंवा उत्पादकाने माघारी बोलावलेली आहे का, अशी ही यादी बरीच लांबली आणि आरंभी आम्हांला तो निव्वळ वेळकाढूपणा वाटला. प्रत्यक्षात पहिल्याच उत्तरावर सगळे ठरते. धोकादायक मालाच्या प्रत्येक प्रकाराला संयुक्त राष्ट्रांचा एक ‘यूएन’ क्रमांक असतो; उपकरणातील किंवा उपकरणासोबतची बॅटरी यूएन ३४८१ या क्रमांकाखाली येते, तर एकटी जाणारी बॅटरी यूएन ३४८० मध्ये मोडते, आणि ही दुसऱ्या प्रकारची बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात माल म्हणून नेता येत नाही. ती फक्त मालवाहू विमानाने जाते आणि त्या वेळी तिच्यातील चार्ज सर्वसाधारणपणे क्षमतेच्या ३० टक्क्यांहून अधिक चालत नाही. आम्ही मात्र पोचताच कामाला लागता यावे म्हणून पाचही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून नेल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी त्या तेथेच परत केल्या, चार्ज उतरवून आणायला सांगितले आणि तो कसा मोजला हेही आमच्याकडून लिहून घेतले.

या काटेकोरपणामागचे कारण त्यांनी न विचारता सांगितले, हे मला विशेष आवडले. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईजवळ कोसळलेल्या मालवाहू विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता, त्यांपैकी काही माल धोकादायक म्हणून घोषित करायला हवा असूनही तसा केलेला नव्हता, आणि त्या आगीनंतर दोन्ही वैमानिकांचा अंत झाला. मालकक्षात सोडला जाणारा हॅलॉन वायू ज्वाळा विझवू शकतो, पण एका सेलमधून शेजारच्या सेलमध्ये पसरत जाणारी उष्णता त्याने थांबत नाही, त्यामुळे खोक्यात काय आहे हे आधीच ठाऊक असण्याला पर्याय उरत नाही.

अल्कोहोलच्या बाबतीत एजन्सीने स्वतःचे काम कमी करून घेतले. सुरक्षा माहितीपत्रकाचा १४ वा विभाग वाचून त्यांनी सांगितले की हा यूएन १२१९, वर्ग ३ मधील ज्वलनशील द्रव आहे आणि नियमात बसवून तो पाठवता येईल, परंतु एका लिटरसाठी एवढी उठाठेव करण्यापेक्षा तो तिकडेच विकत घ्यावा. आम्ही तो वगळला.

कागदपत्रेही चोख होती. लाल तिरप्या पट्ट्यांची किनार असलेल्या घोषणापत्रावर, म्हणजे शिपर्स डिक्लरेशनवर, सही घेण्यापूर्वी त्यांनी त्यातील प्रत्येक ओळ समजावून सांगितली, कारण माल ओळखण्याची आणि त्याचे वर्णन अचूक देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, मध्यस्थ कितीही जाणकार असला तरी.

एवढी जाणकारी असलेल्या एजन्सीने लेबल चिकटवताना केलेली चूक म्हणूनच खटकली. उपकरणाची पहिली पाठवणी सुरळीत गेली, पण बॅटऱ्यांसाठी निवडलेले खोके इतके लहान होते की वर्ग ९ चे, म्हणजे लिथियम बॅटऱ्या ज्या धोका-वर्गात मोडतात त्याचे, लेबल आणि ‘फक्त मालवाहू विमान’ हे नारिंगी लेबल शेजारीशेजारी मावेनात, तेव्हा त्यांतील एक कडेवरून दुमडून दुसऱ्या बाजूवर चिकटवले गेले. लेबल एकाच पृष्ठभागावर, न दुमडता असले पाहिजे हा अगदी प्राथमिक नियम आहे. विमान कंपनीच्या तपासनिसाने त्यावर बोट ठेवून खोके परत पाठवले आणि तीन दिवस गेले. एजन्सीने नवे खोके विनामूल्य दिले, मात्र चुकीचे खापर तपासनिसाच्या ‘अतिकाटेकोरपणा’वर फोडले आणि गोदामाचे भाडे आमच्या बिलात लावले. ज्या काटेकोरपणाची त्यांनी आमच्याकडून अपेक्षा केली होती, तोच तपासनिसाने दाखवल्यावर तक्रारीचे कारण काय, हे मला अद्याप कळलेले नाही.

प्रवाशांसाठी त्यांनी दिलेले माहितीपत्रक बरे आहे, पण दोषरहित नाही. पॉवर बँक चेक-इन सामानात न देता सोबत ठेवावी, लायटर बॅगेत न ठेवता अंगावर एकच बाळगावा, ७० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे मद्य नेऊ नये, हे सर्व बरोबर आहे. पॉवर बँकेची मर्यादा मात्र त्यात २०,००० मिलिअँपिअर-अवर अशी छापली आहे. नियम वॉट-अवर मोजतो: १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० दरम्यान विमान कंपनीची मंजुरी लागते आणि त्यापुढे बंदी आहे. २०,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २० अँपिअर-अवर, आणि त्यांना सेलच्या ३.७ व्होल्टने गुणल्यास ७४ वॉट-अवरच होतात, म्हणजे हे पत्रक वाचून एखादा प्रवासी चालण्याजोगी पॉवर बँक उगाच घरी ठेवून जाईल. विमान कंपनीचा स्वतःचा नियम याहून कडक असू शकतो, हे वाक्यही पत्रकात हवे होते.

एखाददुसरा मोबाइल किंवा लॅपटॉप पाठवायचा असेल तर या सेवेचा खर्च करण्याची गरज नाही. अशा मालासाठी नियम पुष्कळ सौम्य आहेत आणि तो स्वीकारणारे इतर कुरियर मिळतात. सुट्या बॅटऱ्या, रंग, गोंद किंवा कोरडा बर्फ पाठवणाऱ्यांनी मात्र येथे जरूर जावे, पण खोके बंद झाल्यावर लेबले स्वतः पाहून घ्यावीत. आम्ही पुन्हा याच एजन्सीकडे जाणार आहोत, कारण त्या पाच बॅटऱ्या आता परत आणायच्या आहेत. त्यांतील एक थोडी फुगली आहे असे कळवताच पलीकडून एका ओळीचे उत्तर आले: “चार येतील, ती विमानाने येणार नाही.”