पंग्लिपुरान, नग्लांगेरान की वाए रेबो? इंडोनेशियातल्या तीन गावांची तुलना

इंडोनेशियाच्या खेड्यात काही दिवस राहायचंय किंवा तिथल्या पर्यटनात पैसा घालायचाय, अशांनी ही तीन गावं शेजारी शेजारी ठेवून पाहावीत: बालीतलं पंग्लिपुरान, जावातलं नग्लांगेरान आणि फ्लोरेस बेटावरचं वाए रेबो. तिन्ही ठिकाणी पर्यटनाचा कारभार गावकऱ्यांच्याच हातात आहे. जमीन मात्र तिन्हींत कुठेच मिळणार नाही. गुंतवणुकीचा विचार करायचा तो इथूनच.

आधी पाहुण्यांचं बघू.

सगळ्यात सोपं पंग्लिपुरान. बालीच्या विमानतळावरून गाडीने दोनेक तास, बांगली जिल्ह्यात, सहा-सातशे मीटर उंचीवर. दगडी फरसबंदीची एकच चढती गल्ली आणि दोन्ही अंगांना एकसारखी प्रवेशद्वारं असलेले वाडे. गल्लीत गाडी नेता येत नाही. बऱ्याच स्वयंपाकघरांवर अजून बांबूच्या चिपांचं छप्पर दिसतं. ते टिकतं चुलीच्या धुरामुळे, धुराने बांबूला कीड लागत नाही. गावामागे सुमारे 45 हेक्टरांचं बांबूचं बन आहे आणि परवानगीशिवाय तिथला बांबू तोडता येत नाही. परदेशी प्रौढाचं तिकीट 50,000 रुपियाच्या घरात, म्हणजे आपले पावणेतीनशे रुपये (एका रुपयाला साधारण 180 ते 190 रुपिया, दर बदलतात). अडचण गर्दीची. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीत नाव आल्यापासून दहा ते तीन या वेळेत गल्लीत पर्यटकच जास्त दिसतात. मुक्काम करावा, सकाळी लवकर हिंडावं. गालुंगान हा सण दर 210 दिवसांनी येतो. तेव्हा दारोदारी वाकवलेल्या बांबूंच्या कमानी लागतात, दृश्य अप्रतिम असतं आणि गर्दीही तेवढीच.

नग्लांगेरान योग्यकार्ता शहरापासून 25 किलोमीटरवर, गुनुंगकिदुल जिल्ह्यात. लहान मुलं किंवा शाकाहारी मंडळी बरोबर असतील तर आमचं मत याच गावाला. प्राचीन ज्वालामुखीच्या खडकांवरची चढण तास-दीड तासाची. मध्ये दोन कातळांमधली चिंचोळी फट लागते, तिथे पाठीवरची सॅक पुढे घ्यावी लागते. पावसात हा खडक निसरडा होतो. 2013 मध्ये बांधलेला तलाव मुळात फळबागांच्या पाण्यासाठी होता, आता संध्याकाळी तिथेच माणसं जमतात. गावात कोकोची लागवड आहे, चॉकलेट इथेच तयार होतं आणि शेळीचं दूधही विकलं जातं. त्या शेळ्या ‘एतावा’ जातीच्या, म्हणजे मूळ आपल्या इटावाकडच्या जमनापारीच्या वंशातल्या. जेवणात भात, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू आणि पालेभाज्या सहज मिळतात. फक्त सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा तेरासी असते, ती जवळ्यापासून करतात. म्हणून ‘तान्पा तेरासी’ (तेरासीशिवाय) असं आधीच सांगावं. बाली आणि फ्लोरेसच्या खेड्यांत डुकराचं मांस नेहमीचं, तिथे शाकाहाराचं घरमालकाला आदल्या दिवशी कळवावं.

वाए रेबोची गोष्टच वेगळी. फ्लोरेसच्या पश्चिम टोकावरच्या लाबुआन बाजो शहराहून देंगे गावापर्यंत गाडीने पाच-सहा तास, शेवटचा रस्ता अरुंद आणि खराब. देंगेहून मोटारसायकलवाला वाए लोंबाच्या ओढ्यापर्यंत सोडतो, पुढे दोन ते तीन तास जंगलातली चढण. स्थानिक वाटाड्या घ्यायचाच. गाव दिसू लागतं तिथे एक निवारा आहे. तिथला बांबूचा ठोकळा वाजवून पाहुणे आल्याची वर्दी देतात. खाली उतरल्यावर आधी मुख्य घरात जायचं. तिथे वडीलधारा पूर्वजांना नमस्कार सांगून पाहुण्यांना गावात घेतो. तो विधी होईपर्यंत फोटो काढायचा नाही आणि थोडी दक्षिणा द्यायची. यात चूक करणारे पुष्कळ भेटतात, कारण समोर सात शंकूच्या आकाराची घरं दिसली की हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो.

त्या घरांना ‘म्बारू नियांग’ म्हणतात. आत पाच मजले: खाली माणसं, वर रोजचं धान्य, त्यावर बियाणं, मग दुष्काळासाठीचा साठा आणि सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. 2008 च्या सुमारास सातपैकी चारच घरं उरली होती. बाहेरून आलेल्या निधीतून आणि वास्तुविशारद योरी अंतार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी स्वतः बाकीची घरं पुन्हा उभी केली. ज्येष्ठांकडून तरुणांनी बांधकाम शिकून घेतलं. 2012 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा सर्वोच्च पुरस्कार या कामाला मिळाला. या गावात पैसा कसा घालावा, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही.

मुक्काम सव्वातीन लाख रुपियाच्या आसपास, त्यात दोन वेळचं जेवण. झोपायचं सगळ्यांनी मिळून, जमिनीवर चटई-गादीवर. गाव 1,100 मीटरच्या वर आहे, रात्री थंडी वाजते. वीज संध्याकाळचे काही तास, मोबाईलला रेंज नाही. रोख रक्कम लाबुआन बाजो किंवा रुतेंग शहरातच काढून घ्यावी. नोव्हेंबर ते मार्च पाऊस आणि जळवा. गुडघे दुखत असतील तर इथे जाऊ नये, उतरताना जास्त त्रास होतो.

आता गुंतवणूक. इंडोनेशियाच्या 1960 च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार पूर्ण मालकी हक्क (हाक मिलिक) फक्त तिथल्या नागरिकाला मिळतो. स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेऊन मागे खाजगी करार ठेवायचा, हा मार्ग दलाल हमखास सुचवतात. तो व्यवहार कायद्याने रद्दबातल आहे, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. परदेशी कंपनीला बांधकाम हक्क मिळतो, आधी 30 वर्षांचा, मग 20 वर्षांची मुदतवाढ आणि पुढे 30 वर्षांचं नूतनीकरण. पण त्या कंपनीची गुंतवणूक जमीन-इमारत वगळून 10 अब्ज रुपियांहून जास्त हवी, म्हणजे आपले पाच-साडेपाच कोटी. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला या गावांत जागाही नाही आणि गावाला तो नकोही असतो.

वर जमिनीचा प्रकार प्रत्येक ठिकाणी निराळा. पंग्लिपुरानची घरजागा देसा अदातची, म्हणजे पारंपरिक गावसंस्थेची, ती विकता येत नाही. योग्यकार्ता प्रांतात 2012 च्या विशेष दर्जाच्या कायद्याने सुलतानाच्या संस्थेची जमीनमालकी मान्य झालेली आहे, त्यामुळे गावजमिनीच्या भाडेपट्ट्याला वेगळी परवानगी लागते. ती न घेता बांधलेली घरं तिथे बंद पडलेली आहेत. वाए रेबोची जमीन कुळांची.

मग वाव कुठे आहे? नग्लांगेरानमध्ये कोको आणि दुधाचे पदार्थ, वाए रेबोत कॉफी. तिथली कॉफी माणसांच्या पाठीवरून खाली येते, त्यामुळे तिला चांगला भाव देणारा कायमचा ग्राहक गावाला हवाच असतो. जमीन घेण्यापेक्षा माल विकत घेण्याचा दीर्घ करार करावा. नग्लांगेरानचा अनुभव इथे उपयोगी: 2014 मध्ये सव्वातीन लाखांच्या आसपास लोक आले, मग तिकीट वाढवून मुक्कामावर भर दिला, 2019 पर्यंत पाहुणे लाखाच्या आसपास आले आणि उत्पन्न दुपटीहून वाढलं. म्हणून ‘पर्यटक दुप्पट करू’ असा प्रस्ताव घेऊन गेलात तर या गावात कोणी दाद देणार नाही.

तरीही जवळपास जागा भाड्याने घ्यायचीच असेल, तर क्रम असा: जिल्ह्याच्या भूमी कार्यालयात जमिनीचं प्रमाणपत्र तपासणं, मग जमीन-वापराच्या विभागणी आराखड्यात पर्यटनाला परवानगी आहे का ते बघणं, मग गावसंस्थेची लेखी संमती, आणि शेवटी करार. आगाऊ रक्कम या चारांच्या आधी देऊ नये. भारतातून व्यक्तीला वर्षाला 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचे शेअर घेणार असाल तर बँकेकडे आधी नोंद करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो.