दोन पिंजरे की नराचं ऑपरेशन? अचानक पिल्लं झालेल्या सशांच्या घरासाठी

जोडी घरी आणून महिना होतो न होतो तोच खोक्यात पिल्लं दिसली, की दोन प्रश्न एकदम उभे राहतात: पिल्लांचं काय आणि नराचं काय. पिल्लांचं बरंचसं आईच बघते. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, काही मिनिटं पाजते आणि उरलेला वेळ घरट्याकडे फिरकतही नाही. ते तिचं दुर्लक्ष नव्हे, सशांची रीतच तशी आहे. रोज एकदा नजर टाकावी. पोटं गोल आणि अंग ऊबदार असेल तर फार लुडबुड करू नये. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात आणि मग घर त्यांचंच होतं.

नराचा निर्णय मात्र आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि पहिलं पाऊल त्याच दिवशी उचलावं लागतं. सशीण व्याल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. तिला ठरावीक दिवशी माजावर येण्याची गरज नसते. नराशी संयोग झाला की त्यानंतर साधारण दहा तासांनी बीज सुटतं. संयोगाला काही सेकंद पुरतात. म्हणून नर लगेच वेगळा करायचा, यात दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. दोघांना कायम दोन पिंजऱ्यांत ठेवायचं, की नराला खच्ची करून पुन्हा एकत्र आणायचं? मी आधी पहिला मार्ग धरला, मग दुसऱ्यावर आलो. त्यामुळे दोन्हींबद्दल थोडंफार सांगू शकतो.

आधी एक हिशेब करून घ्या. सशीण साधारण ३० ते ३२ दिवस गाभण असते. मादी घरी आल्यापासून महिन्याच्या आत व्याली तर पिल्लं बहुधा दुकानातली. त्यानंतर व्याली तर घरातला सोबती नर आहे का, हे तपासायला हवं. आमची मादी दुकानातूनच गाभण आली होती. तिथे लहानमोठे सगळे ससे एकाच जाळीत होते, आणि दुकानदार म्हणाला होता, "दोन्ही माद्याच आहेत दादा, बिनधास्त न्या." त्यातली एक नर निघाली. त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. लहान सशाचं लिंग ओळखणं खरंच अवघड असतं. नराच्या गोळ्या दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास खाली उतरतात, आणि उतरल्यावरही घाबरला की तो त्या पोटात ओढून घेऊ शकतो. हातात धरलेला ससा घाबरलेलाच असतो, त्यामुळे काही दिसलं नाही म्हणून मादी ठरवणं धोक्याचं. ससे हाताळणाऱ्या डॉक्टरकडून एकदा खात्री करून घ्यावी. पिल्लांच्या बाबतीतही हेच. नर पिल्लं दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या आत आईपासून आणि बहिणींपासून वेगळी झालीच पाहिजेत.

आता दोन पिंजऱ्यांकडे येतो. या मार्गाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. ऑपरेशन नाही, भूल नाही, भीती नाही. आज संध्याकाळी ठरवलं तर रात्रीपर्यंत अमलात येतं. भूल देण्याबद्दल लोक घाबरतात ते उगाच नाही. ब्रिटनमध्ये २००८ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के होतं, मांजरांत ०.२४ टक्के आणि सशांत १.३९ टक्के. तो आकडा आजारी आणि निरोगी सशांचा मिळून आहे. फक्त निरोगी सशांचा पाहिला तर ०.७३ टक्के. तरीही कुत्र्या-मांजरांपेक्षा जास्तच. ज्याच्या गावात ससे हाताळणारा डॉक्टर नाही, त्याने हा आकडा गंभीरपणे घ्यावा असंच मी म्हणेन.

शिवाय घर मोठं असेल, अंगण असेल, दोघांना दोन टोकांना ठेवता येत असेल, तर दोन पिंजरे चालूनही जातील. आमच्या ओळखीत बदलापूरला एका घरी असे दोन ससे आहेत, एक पुढच्या पडवीत, एक मागे न्हाणीघराशेजारी. त्यांची काही तक्रार नाही.

आम्ही ठाण्यात दोन खोल्यांत राहतो. इथे सशांना दोन टोकं मिळत नाहीत. नर गॅलरीत, मादी आतल्या खोलीत, मध्ये जाळीचं दार. आणि त्या दाराशी जे सुरू झालं, त्याने आमचा निर्णय केला.

वयात आलेला नर मूत्र फवारतो. ट्रे वापरायला शिकलेला असला तरी फवारतो, कारण ते लघवी करणं नसतं, मादीला कळवणं असतं. तो दाराशी गोल फिरायचा, घशातून बारीक घूं-घूं आवाज काढायचा आणि मग अंग वळवून एक पिचकारी सोडायचा. ती पडद्यावर जायची, रद्दीच्या गठ्ठ्यावर जायची, दारातून ये-जा करणाऱ्या आईच्या पायांवर जायची. आई देवपूजेला बसण्याआधी पाय धुऊन यायची आणि येताना पुन्हा तिथूनच यावं लागायचं. काही दिवसांनी ती गॅलरीतली तुळस आत घेऊन आली आणि म्हणाली, "याचं काहीतरी कर रे, मला त्याला रागवायचं नाहीये." ते वाक्य मला फार लागलं. सशावर तिचा जीव होता, आणि तोच ससा तिला घरात अवघडून वागायला लावत होता.

सशाच्या मूत्रात कॅल्शियम बरंच असतं. सुकलं की पांढरा, खडूसारखा थर बसतो. टाइलवरचा थर व्हिनेगर लावून घासला की निघतो. आमच्या गॅलरीत मात्र कडप्प्याची फळी आहे. काळ्या कडप्प्यावर ते पांढरे ओघळ लांबून दिसतात आणि व्हिनेगर लावावं तर दगडच खराब होतो. ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसत बसायचं, एवढंच हातात. पावसाळ्यात खिडक्या बंद, आणि उग्र वास घरात कोंडलेला.

दोन पिंजऱ्यांबद्दल माझं म्हणणं याच एका गोष्टीवर उभं आहे. जाळी पिल्लं थांबवते, ओढ थांबवत नाही. उलट मादी दिसते, तिचा वास येतो, आणि जाता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याने नर जास्तच अस्वस्थ होतो. तो रात्री मागच्या पायांनी पिंजऱ्यात थापा मारायचा, गज कुरतडायचा. आणि ससा चांगला सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो. एवढ्या वर्षांत एखाद्या संध्याकाळी पाहुण्यांच्या गडबडीत कडी उघडी राहणारच नाही, अशी हमी मला स्वतःच्या घराची देता आली नाही.

म्हणून ऑपरेशन. नराचं ऑपरेशन तुलनेने लहान असतं, पोट उघडावं लागत नाही, आणि सगळं सुरळीत असेल तर ससा त्याच दिवशी घरी येतो. आमचा आला. त्या रात्री मी त्याच्या शेजारी दूर्वा आणि कोथिंबीर घेऊन बसलो होतो, कारण ऑपरेशननंतर ससा खातो की नाही यावर सगळं असतं. सशाचं आतडं थांबून चालत नाही. बारा तासांत काहीच खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरला गाठावं लागतं. त्याने उशिरा का होईना एक दूर्वा ओढली, मग दुसरी, आणि माझा जीव भांड्यात पडला.

फवारणं लगेच बंद झालं नाही. शरीरातली संप्रेरकं ओसरायला काही आठवडे जातात, तसं हळूहळू कमी होत गेलं आणि मग थांबलं. पडदे धुऊन पुन्हा लावले आणि ते तसेच राहिले.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ऑपरेशन झालं म्हणजे नर त्याच दिवशी वांझ झाला असं नाही. नलिकांमध्ये शुक्राणू शिल्लक असतात आणि चार ते सहा आठवडे तो मादीला गाभण करू शकतो. म्हणजे ऑपरेशनवाल्यालाही दोन पिंजरे लागतातच, फक्त ते तात्पुरते असतात. आम्ही पूर्ण सहा आठवडे थांबलो आणि मग दोघांना मोकळ्या, दोघांच्याही नसलेल्या जागी, म्हणजे जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये, थोडा थोडा वेळ भेटवलं. थेट मादीच्या पिंजऱ्यात सोडलं असतं तर तिने त्याला फोडून काढलं असतं. मादी आपल्या जागेबद्दल फार कडक असते.

नराच्या ऑपरेशनने सगळं सुटतं असंही नाही. खच्ची नरही अधूनमधून मादीवर चढतो, आणि तेवढ्यानेही तिच्या शरीराला गर्भ राहिल्यासारखं वाटू शकतं. आमची मादी एकदा तोंडात गवताच्या काड्या आडव्या धरून, मिशा फुटल्यासारखी, घरभर फिरत होती आणि पोटावरची लोकर उपटून कोपऱ्यात घरटं करत होती. पिल्लं काही नव्हती. हा खोटा गर्भ साधारण अडीच आठवड्यांत आपोआप ओसरतो. त्याहून गंभीर बाब अशी की ऑपरेशन न झालेल्या, चार वर्षांवरच्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो. नराच्या ऑपरेशनने तो धोका टळत नाही. मादीचं ऑपरेशन मोठं, पोट उघडून करायचं. पिल्लं दूध पीत असताना ते बहुधा टाळतात. आमच्या मादीचं करायचं आम्ही ठरवलं आहे. पण ज्याला आज एकच ऑपरेशन परवडतं, पैशाने किंवा मनाने, त्याने नरापासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

ससा म्हातारा असेल, आधीच आजारी असेल, वजन फार वाढलेलं असेल, तर माझं मत बाजूला ठेवा आणि दोन पिंजरे घ्या. आणि जवळ डॉक्टर मिळत नाही म्हणून अडलं असेल, तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे चौकशी करावी. ससे कोण हाताळतं याची माहिती बहुधा मिळते.

डॉक्टर ठरवताना मी दोन प्रश्न विचारले होते, तेच तुम्हालाही सुचवतो. पहिला: ऑपरेशनआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं का? सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरासारखं उपाशी ठेवायची गरज नसते, उलट त्याने आतडं मंदावतं. दुसरा: नंतर तोंडावाटे कुठलं अँटिबायोटिक देणार? अमॉक्सिसिलीन किंवा पेनिसिलीनच्या जातीतलं औषध सशाच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससाही जाऊ शकतो. पहिल्याला "हो, रात्रीपासून काही देऊ नका" आणि दुसऱ्याला "अमॉक्सिसिलीन" असं उत्तर आलं, तर नम्रपणे आभार मानून दुसरा दवाखाना शोधा, आणि तोवर नर-मादीच्या मधली कडी रोज रात्री स्वतः तपासा.