आठ महिने वापरून: सेल बरे होते, चार्जरच वाईट होता

रिचार्जेबल सेल आमच्या घरी टिकतच नाहीत, अशी माझी पक्की समजूत झाली होती. वायरलेस माउस, फ्लॅश, मुलाची गाडी. वर्षभरात सगळे पेन्सिल सेल मान टाकायचे. खापर मी सेलवरच फोडत होतो. चार्जर मात्र सेलच्या पाकिटासोबत आलेला. सेल जोडीनेच लावायचे आणि आठ तासांनी तो आपोआप बंद. जोडीतला एक अर्धा भरलेला असला तर दुसरा भरेपर्यंत तो बिचारा नुसता तापत बसणार.

आठ महिन्यांपूर्वी चार स्वतंत्र खाचांचा, डिस्प्लेवाला चार्जर घेतला. निकेल मेटल हायड्राइड (म्हणजे हे नेहमीचे रिचार्जेबल) सेल पूर्ण भरला की त्याचा चढत गेलेला व्होल्टेज काही मिलीव्होल्टने खाली येतो. तो उतार पकडून हा चार्जर त्या खाचेपुरतं चार्जिंग थांबवतो. 'हळू चार्ज केलं की सेल जास्त जगतो' म्हणून मी सुरुवातीला २०० मिलीअँपिअर ठेवायचो. एके सकाळी २००० मिलीअँपिअर-अवर क्षमतेच्या सेलपुढे आत भरलेल्या चार्जचा आकडा २९००, आणि चार्जिंग चालूच! करंट इतका कमी असला की तो उतार जेमतेम असतो आणि चार्जर फसतो. तेव्हापासून १००० ठेवतो. अडीच तासांच्या आत काम होतं. चारही खाचा भरल्या की सेल एकमेकांना तापवतात, म्हणून दोनच असतील तर कडेच्या खाचांत लावतो.

रिफ्रेश मोडने (सेल पुन्हा पुन्हा रिकामा करून भरायची सोय) जुन्या सहांपैकी दोन सेलची क्षमता ९०० वरून १६०० मिलीअँपिअर-अवरपर्यंत आली. उरलेले गेले ते गेलेच.

तक्रारी आहेत. सेल लावल्यावर काही सेकंदांत बटण दाबलं नाही तर २०० वरच सुरू होतो, आणि लगेच बटण दाबायची सवय लागायला मला महिना लागला. लिथियम सेल यात चालत नाहीत. साधे अल्कलाइन तर चुकूनही घालू नका.

दुसरी कटकट म्हणजे पार निचरा झालेला सेल लावला की डिस्प्ले ढिम्म, जणू खाच रिकामीच आहे. असा सेल मी पाच मिनिटं जुन्या चार्जरमध्ये ठेवतो, मग नवा त्याला ओळखतो. तेवढ्या एका कामासाठी तो जुना ड्रॉवरमध्ये अजून आहे.