महालातलं भाड्याच्या पोशाखांचं दुकान आणि फाटक्या बगला

नागपुरात ऐतिहासिक पोशाख भाड्याने हवा असेल तर दोन तऱ्हेची दुकानं आहेत. एक, धरमपेठ-सीताबर्डीकडची फॅन्सी ड्रेसवाली: काचेचं दार, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला माल, मोबाईलवर फोटो पाहून बुकिंग. दुसरी, महाल-इतवारीतली जुनी, जिथे माल आधी हाताला लागतो आणि भाव नंतर कळतो. हे परीक्षण दुसऱ्या तऱ्हेतल्या एका दुकानाचं आहे. बडकस चौकापासून पायी जाता येतं, खाली भांड्यांचं दुकान आणि वर हे. नाव देत नाही, कारण मालककाकांनीच बजावलं: "नाव नोको टाकू बाप्पा. पोट्टे रील काढाले येतात, सगळं घालून पाहतात अन् भाडं न देता पसार होतात."

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझ्या खुसपटांना किती भाव द्यायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मी इंग्लंडात ऐतिहासिक पोशाखांची रचना आणि शिवण या विषयात एमए केलं. आमच्या घरी अजून त्याला "शिवणक्लास" म्हणतात आणि ते फारसं खोटं नाही. सुरुवातीचे महिने यंत्राला हात लावू देत नव्हते. तागाच्या कापडावर हाताने टाके, तेही इतके बारीक की डोळ्यांना पाणी यायचं. मग मांजरपाटाचा कच्चा नमुना, तो अंगावर चढवून टाचण्या, उसवणं, पुन्हा नमुना. संग्रहालयातला जुना कपडा आतून कसा जोडलाय ते पाहायचं, मापं घ्यायची, चौकटीच्या कागदावर आराखडा काढायचा आणि त्यावरून नवा शिवायचा. ही पद्धत तिकडे जॅनेट अर्नल्ड या बाईंनी १९६०च्या दशकापासून रुजवली. माझ्या प्रबंधाचा विषय होता अठराव्या शतकाच्या अखेरचा मराठी अंगरखा, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा काळ. तेव्हा "पेशवे सेट" अशी चिठ्ठी लावलेली गाठोडी पाहून माझे हात शिवशिवले तर नवल नाही.

दुकान म्हणजे एक लांबोळी खोली. भिंतीला लोखंडी मांडण्या, डांबराच्या गोळ्यांचा वास, कोपऱ्यात एक काळं पायमशीन. मांडण्यांवर मावळा, पेशवे, झाशीची राणी, टिळक, यमराज, इंग्रज अशा चिठ्ठ्या आणि शाळकरी पोरांसाठी संत्रं. (नागपूर आहे, संत्रं असणारच. बिनबाह्यांचं असल्यामुळे तो दुकानातला सगळ्यात उत्तम बेतलेला पोशाख आहे, हे मी गंमत म्हणून सांगत नाही.) मोठ्या माणसाच्या पूर्ण सेटचं भाडं दिवसाला साडेतीनशे, अनामत हजार. लहान मुलांचं निम्म्याहून कमी. पगडी भाड्यातच मिळते, तलवारीचे वेगळे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत केलं तर काका घड्याळ पाहत नाहीत.

आता माल. कापड सगळं साटीन आणि मखमल, दोन्ही पॉलिएस्टर, गांधीबागच्या ठोक बाजारातून ताग्याने आणलेलं. नागपूरच्या मे महिन्यात ते अंगावर घालणं म्हणजे शिक्षा आहे. पण मे महिन्यात नाटक ठेवणाऱ्यांची चूक कापडावर टाकण्यात अर्थ नाही, आणि साटीन दिव्याखाली चमकतं, डाग पुसता येतात, इस्त्री फार लागत नाही. भाड्याच्या धंद्यात हा हिशोब मला पटतो. रंगांचं मात्र खटकतं. पेशवे सेटात भडक जांभळा आणि राणी रंग पुष्कळ आहेत. पहिला कृत्रिम रंग, तोही जांभळाच, निघाला १८५६ साली. तोवर पेशवाई संपून अडतीस वर्षं झाली होती आणि नागपूरचं राज्यही डलहौसीने खालसा केलं होतं. त्या आधीचा लाल म्हणजे आल नावाच्या झाडाच्या मुळांचा किंवा लाखेचा, निळा नीळीचा. दोन्ही आजही पॉलिएस्टरमध्ये जवळपासच्या छटेत मिळतात, किमतीत फरक नाही. ही सुधारणा फुकटातली आहे.

दुसरी फुकटातली सुधारणा बंदांची, म्हणजे कपडा बांधायच्या नाड्यांची. मुघलकालीन चित्रांत हिंदू माणसाचा जामा (अंगरख्यासारखाच घेरदार कपडा) डाव्या बगलेखाली बांधलेला दिसतो, मुसलमानाचा उजव्या. इथे अफझलखान आणि महाराज दोघेही एकाच बाजूला बांधतात, कारण दोघांचा कागदी नमुना एकच आहे. बांधतात हेही म्हणायला. बंद शोभेचे, छातीवरचा गोल गळा आणि आतला पडदा एकात एक शिवून टाकलेला आणि पाठीत चेन.

पगड्यांच्या बाबतीत मात्र मी दुकानाची बाजू घेईन. आमच्यातले शुद्धतावादी तयार पगडीला नाक मुरडतात, दर वेळी डोक्यावरच बांधली पाहिजे म्हणतात. पागोट्याबद्दल ते खरं, पगडीबद्दल नाही. पगडी तेव्हाही पगडबंदाकडून साच्यावर बांधून घेत आणि टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवत. काकांची पुठ्ठ्यावर बांधलेली पगडी त्या परंपरेला धरूनच आहे. आत स्पंज आहे तो सोडून द्या. उलट घड्या इतक्या नेमक्या बसल्यात की कोणी बांधल्या ते विचारलं. काकांच्या आईंनी, पुष्कळ वर्षांपूर्वी. नव्या पगड्या बाहेरून येतात आणि त्या तितक्या चांगल्या नाहीत. मागताना "जुन्यातली द्या" म्हणा.

मुख्य मुद्दा बगलांचा. मी अंगरखे उलटे करून पाहायला लागले (काका म्हणाले, "किंमत बाहेर लिवली हाय बेटा, आत काय पाहून राह्यली?") आणि प्रत्येक अंगरख्याला एकाच जागी ठिगळ. डावी बगल, उजवी बगल. काहींना ठिगळावर ठिगळ. बाकी शिवण ठणठणीत. काकांचं स्पष्टीकरण असं की पोट्टे तलवार उगारतात. अहो, अंगरखा घालून तलवार उगारायची नाही तर काय करायचं? ज्यांनी तो खरोखर घातला ते घोड्यावर बसून भाला चालवत होते.

कारण बेतात आहे. दुकानातले सगळे अंगरखे शर्टाच्या पद्धतीने कापलेत: मुंढा (बाही जोडायचं भोक) गोल, बाहीचा माथा गोल, दोन्ही जोडलेले. आणि हा मुंढा सगळ्यांना बसावा म्हणून खोल कापलाय. इथेच घोळ आहे. मुंढा जितका खोल, तितकी बाही खाली कमरेकडे जोडली जाते आणि हात वर केला की अख्खा कपडा वर ओढला जातो. ओढ सगळी बगलेतल्या त्या एका बिंदूवर येते. साटीनचे धागे गुळगुळीत, शिवणीतून सरकतात, आणि टर्रकन आवाज होतो. मुंढा खोल केला की मोकळं वाटेल हा सगळ्याच शिंप्यांचा समज असतो. हात खाली असेपर्यंत तो खराही असतो.

जुन्या अंगरख्यात गोल मुंढा नाहीच. बाही सरळ पट्टीची, खांद्यापाशी सरळ रेषेत जोडलेली, आणि बगलेत चार-पाच इंचांचा एक चौकोनी तुकडा, चौबगला. तो कोनावर बसवतात, त्यामुळे ओढ कापडाच्या तिरप्या अंगावर येते आणि तिरपं कापड ताणतं. हात वर गेला की चौकोन उघडतो, खाली आला की मिटतो. झिजला तर तेवढाच उसवून बदलायचा. घेराच्या कळ्याही (निमुळत्या पट्ट्या) आयत तिरपा कापून काढलेल्या, एक सुलटी, एक उलटी, म्हणजे चिंधी उरत नाही. हातमागाचं कापड अरुंद आणि महाग असताना दुसरं परवडणारही नव्हतं. अहमदाबादच्या कॅलिको म्युझियममधल्या कपड्यांचे आराखडे छापलेले आहेत, त्यात हे स्वच्छ दिसतं. मला सगळ्यात मजा वाटली ती ही की इंग्लंडात पहिल्यांदा मी जो अठराव्या शतकातला पुरुषी सदरा शिवला, तोही असाच: सगळे आयत आणि चौकोन, बगलेत चौकोनी तुकडा. तिथली बाई तो बसवायला शिकवत होती आणि मला आजोबांची बंडी आठवत होती.

हे सगळं मी काकांना मांजरपाटावर कापून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एका नगाले टाइम किती जास्त?" प्रश्न बरोबर होता. चौकोनाचे चार कोपरे नीट बसवायला वेळ लागतो, पायमशीनवर बगलेमागे पंधरा-वीस मिनिटं सहज. पण दर हंगामाला ठिगळं लावण्यात जातो त्याहून कमी. शेवटी ते म्हणाले, एक शिवून दे. दिला. भगव्या साटीनचा, चौबगल्याचा, खऱ्या बंदांचा. तो एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला गेला, मग शिवजयंतीच्या मिरवणुकीला. परत आला तेव्हा बगला शाबूत. बंद मात्र गायब: कोणीतरी करकचून निरगाठ मारली होती आणि सुटेना म्हणून कात्रीने कापली. काकांनी काही न बोलता तिथे वेल्क्रो लावला. आता त्या अंगरख्याला भोसलेकालीन बगल आणि एकविसाव्या शतकातला बंद आहे, आणि सध्या त्या मांडणीवर तोच सगळ्यात जास्त भाड्याने जातो. पुढचे तीन नग चौबगल्याचे शिवायला घेतलेत. बंदांवर आमचं अजून जमलेलं नाही.

इंग्रज सेटबद्दल थोडं, कारण १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईवर एकांकिका करणारे लोक इथूनच लाल कोट नेतात. कोटासोबत सोनेरी केसांचा टोप येतो. तो परत ठेवा. त्या टेकडीवर इंग्रजांच्या बाजूने लढलेलं पायदळ मद्रासच्या देशी पलटणींचं होतं, लाल कोट घातलेले शिपाई आपल्यासारखेच सावळे होते. आणि नागपूरकर अप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने अरब होते, ज्यांच्यासाठी दुकानात काहीच नाही. काकांनी मला अलीबाबाचा सेट दाखवला. नको.

स्वच्छतेला मी कमी गुण देईन. धुलाई होते, पण हंगामात दोन भाड्यांच्या मध्ये नाही. नुसतं उन्हात टाकतात, आणि मखमलीला आधीच्या मावळ्याचा वास असतो. तिकडच्या नाटकवाल्यांची युक्ती सांगितली: स्वस्त व्होडका फवारायची, वास मरतो, डाग पडत नाही. काकांचे निम्मे पोशाख दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांना गडचिरोलीतल्या वडशाकडे जातात, आणि त्या जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी. "म्हणजे पेटी उघडताच पोलीस शिवाजी महाराजांलेच पकडतीन," म्हणाले. मुद्दा मान्य. तुम्ही आपली सुती बंडी आतून घाला. पूर्वीही रेशमी अंगरख्याखाली सुती कपडाच असे, तो धुता येई.

एक गोष्ट इथे आहे जी चकचकीत दुकानांत नाही. बाजूच्या शिवणीत दोन-दोन इंच कापड सोडलेलं आहे आणि काका तुमच्या समोर कपडा सैल-घट्ट करून देतात, टाचण्या तोंडात धरून, पैसे न घेता. प्रत्येक नगाच्या आत कॉलरपाशी शाईने आकडा आणि कोणी कधी वापरला त्याची खूण आहे. आमच्या विभागातही पोशाखाच्या आत नटाचं नाव शिवलेलं असे, आणि शिवण उदार ठेवायची म्हणजे पुढच्या नटाला बसते, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. काकांना ते कोणी शिकवलेलं नाही. चेन असो, वेल्क्रो असो, ही वृत्ती खऱ्या रंगमंचाच्या शिंप्याची आहे.

नऊवारीचा विभाग मी मुद्दाम टाळते. इलॅस्टिकवाली शिवलेली नऊवारी ज्यांना हवी त्यांनी न्यावी. नेसता येत असेल तर काकांकडे सुती नऊवार साड्याही आहेत, मागच्या मांडणीवर, मागितल्याशिवाय दाखवत नाहीत. दागिने नेऊ नका, हिरवे डाग पडतात.

एकूण पाचपैकी साडेतीन. तालमीच्या कपड्यांवर जाऊन मापं द्या, फोनवर "मिडियम" सांगू नका. घातल्यावर आरशात पाहायच्या आधी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बघा, ओढ लागली तर दुसरा मागा किंवा सरळ "चौबगल्याचा" म्हणा, आता त्यांना कळतं. तान्ह्या पोळ्याच्या (पोरांचा लाकडी बैलांचा सण) आठवड्यात आणि एकोणीस फेब्रुवारीच्या आसपास जाऊ नका, जिन्यावर उभं राहायला जागा नसते. दुपारी दोन ते चार काका जेवून पडतात. मंगळवारी बंद.